गॅलरीच्या टोकापर्यंत

प्रस्तावना

मुंबईतल्या चाळींच्या आठवणींना मराठीत तोटा नाही. गिरगावातल्या वाड्या, दादरच्या गल्ल्या, लालबाग-परळमधल्या दहा बाय दहाच्या खोल्या यांच्यावर कपाट भरेल इतकं लिहून झालं आहे. त्यात गणपती आहे, दिवाळीचा कंदील आहे, गिरणीचा भोंगा आहे, नळावरची भांडणं आहेत. भीती मात्र जवळजवळ नाही. या खोल्यांमधली मुलं कुठल्या पिक्चरनंतर आठवडाभर पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपली, टीव्हीवर कुठलं संगीत वाजलं की पळत बाहेर गेली, कुठला चेहरा त्यांना पोटमाळ्याच्या अंधारात दिसायचा, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मोठेपणी रडलेलं सांगायला माणूस तयार होतो. घाबरलेलं सांगायचं झालं तर आधी हसतो आणि मग विषय बदलतो.

हा संग्रह तो विषय बदलू देत नाही. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या मराठी मुलांना जे घाबरवलं, त्याच्या या आठवणी आहेत. या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी प्रस्तावनेत थोडा नकाशा काढून देतो.

भयपटांचा इतिहास आणि मुलांच्या भीतीचा इतिहास हे एकमेकांना लागून असले तरी एक नव्हेत. भयपटांच्या इतिहासात दिग्दर्शक असतात, प्रदर्शनाच्या तारखा असतात, गल्ला असतो. मुलांच्या भीतीला यातलं काही माहीत नसतं. ती अनेकदा भलत्याच ठिकाणी सापडते. शंभर मुडदे दाखवणारा सिनेमा मूल शेंगदाणे खात बघतं आणि एखाद्या पौराणिक मालिकेतला झोपेतून उठणारा कुंभकर्ण पाहून त्याला ताप भरतो. घाबरवायचं म्हणून बनवलेलं आणि प्रत्यक्षात ज्यानं घाबरवलं ते, या दोन याद्या शेजारी ठेवल्या की त्यांच्यातली तफावत चकित करते. या संग्रहाचा खरा विषय ती तफावत आहे.

सुरुवात जागेपासून करायला हवी, कारण इथे अर्धं काम जागेनं केलं आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं चाळीच्या एका मजल्यावर एखाद-दुसराच टीव्ही असायचा. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हे आठवड्याचे दोन सण. टीव्हीवाल्यांच्या खोलीचं दार उघडं, आत मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली, त्यांच्यामागे बायका, दारात आणि गॅलरीत पुरुष उभे. तिशी-चाळिशीतली माणसं आणि पाच वर्षांची मुलं एकच चित्र एकाच वेळी बघत होती. मुलांनी काय बघावं हा प्रश्नच नव्हता, कारण मुलांना पाठवायला दुसरी खोली नव्हती.

चित्रपट संपला की सगळे आपापल्या घरी जायचे आणि मग दुसरा भाग सुरू व्हायचा. संडास गॅलरीच्या टोकाला. मधे लाकडी जिन्याचा अंधारा कोपरा, पिवळा मिणमिणता दिवा, पाण्याची पिंपं. रात्री अकरा वाजता तिथपर्यंत एकट्यानं जाणं ही या भागातल्या प्रत्येक मुलाची परीक्षा होती. कुणी भावाला सोबत नेई, कुणी मोठ्यानं गाणं म्हणत जाई, कुणी सकाळपर्यंत दम धरी. पडद्यावर जे अर्धवट राहिलं होतं ते ती गॅलरी पूर्ण करायची. तिसरा भाग दुसऱ्या दिवशी जिन्यावर. कोण किती टरकला, कोण झोपेत ओरडला, याची जाहीर चौकशी आणि टिंगल तिथे चाले. सगळ्यांनी मिळून बघायचं, एकट्यानं भ्यायचं आणि पुन्हा सगळ्यांनी मिळून हसायचं, असं तीन टप्प्यांचं हे चक्र होतं. या पुस्तकातली जवळपास प्रत्येक आठवण त्याच चक्रात फिरते. आपल्याकडचे भीतीचे सिनेमे आणि मालिका कशा घडल्या, हेही या तिन्ही टप्प्यांकडे बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून हा भाग पडद्याला सरावलेला होता. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण दादरला केलं आणि 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळके चमत्कार दाखवायचे. 'लंकादहन' आणि 'कालिया मर्दन'मधली आग, नाग, उड्डाणं बघताना त्या काळच्या पोरांचं काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे 1934 साली प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखवला. भुताखेताशिवाय, रक्ताशिवाय, फक्त डोळ्यानं थिएटर गप्प करता येतं हे तेव्हा सिद्ध झालं. आपल्या सिनेमातली ही पहिली धारा पौराणिक-अद्भुताची. तिच्यातली भीती देवाच्या कथेसोबत येते, म्हणून घरातल्या मोठ्यांना तिच्यात वावगं काही वाटत नाही. 1985 साली दूरदर्शनवर आलेला 'विक्रम और बेताल' आणि त्यानंतरची 'रामायण', 'महाभारत' ही याच धारेची अपत्यं. पाठीवर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा ही खरं तर भयंकर कल्पना. ती रविवारी दुपारी मुलांचा कार्यक्रम म्हणून दाखवली गेली आणि आजीनं तो कौतुकानं बघितला.

दुसरी धारा उलगडणाऱ्या भुताची. कमाल अमरोहींचा 'महल' 1949 सालचा. पांढऱ्या कपड्यातली बाई, झोपाळा, लांबून येणारं गाणं, आणि शेवटी सगळ्याचा ऐहिक खुलासा. 'बीस साल बाद', 'वो कौन थी' ही त्याच घरातली चित्रं. मराठीत राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'नं 1964 साली रहस्याची गोडी लावली, आणि 1976 साली वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा'नं तर मराठी मुलांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली. गावातली दंतकथा, अंधारातली सावली, आशा काळे यांचा भेदरलेला चेहरा आणि अखेरीला भुताच्या जागी मनाचा आजार. थिएटरपेक्षा शनिवारच्या टीव्हीवर तो जास्त मुलांनी पाहिला. गंमत अशी की खुलासा कुणाच्याच लक्षात राहिलेला नाही. या संग्रहातल्या ज्यांनी ज्यांनी त्याबद्दल लिहिलं आहे, त्यांना सावली आठवते, गाणं आठवतं. डॉक्टरांनी शेवटी काय सांगितलं ते आठवत नाही. बुद्धिवादी शेवट मोठ्यांच्या समाधानासाठी असतो, मूल मध्यंतरापर्यंतचाच सिनेमा घरी नेतं.

तिसरी धारा रामसे बंधूंची, आणि तिचा पत्ता गिरगावला अगदी लागून आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेले फत्तेहचंद रामसिंघानी लॅमिंग्टन रोडवर रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवायचे. सिनेमाच्या धंद्यात उतरल्यावर 1970 साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला. पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरच्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हे त्यांच्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग 1972 साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला, आणि पुढची वीस वर्षं सात भावांनी मिळून लेखनापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं घरच्या घरी सांभाळत भुतांचा कारखाना चालवला. 1984 सालच्या 'पुराना मंदिर'मधला सामरी, म्हणजे उंच, लांबट चेहऱ्याचे अनिरुद्ध अग्रवाल, हे त्या कारखान्याचं सर्वांत यशस्वी उत्पादन. हे चित्रपट फक्त प्रौढांसाठी होते. चाळीतल्या मुलांनी ते बघितले, कारण तोवर व्हीसीआर आला होता. वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि सकाळपर्यंत तीन पिक्चर बघायचे, असा ऐंशीच्या दशकातला रिवाज. पहिला कौटुंबिक, दुसरा मारधाडीचा, तिसरा भुताचा. तिसरा सुरू होईपर्यंत मुलं झोपली असतील असा मोठ्यांचा समज असायचा. मुलं पांघरुणाच्या फटीतून बघत असायची.

चौथी धारा साहित्यातून आली आणि ती खास मराठी आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या दोघांनी मराठी वाचकाला घाबरायला शिकवलं. धारपांची समर्थ या नायकाची पुस्तकं वाचनालयातून फाटेपर्यंत फिरायची. मतकरींच्या गूढकथा दिवाळी अंकांतून घरोघर पोचायच्या. धारपांचं भय बाहेरून, कुठल्यातरी अमानवी प्रदेशातून येतं. मतकरींचं भय शेजारच्या बिऱ्हाडात राहतं, त्याला नोकरी असते, बायको असते, मनात एक जुना सल असतो. म्हणून धारप वाचून खिडकीची भीती वाटते आणि मतकरी वाचून माणसांची. मतकरींची 'गहिरे पाणी' ही मालिका टीव्हीवर आली तेव्हा ही दुसरी भीती दिवाणखान्यात शिरली.

याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिलं आणि दिलीप प्रभावळकरांनी त्यात चिंची चेटकीण उभी केली. बालनाट्य हा या संग्रहाचा विषय नव्हे. तरी मुलांना थोडं घाबरवावं, घाबरवता घाबरवता हसवावं, ही रीत आपल्याकडे रंगमंचावरून पडद्यावर आली हे ध्यानात ठेवायला हवं. तिच्याही मागे कोकणातलं दशावताराचं लोकनाट्य आहे. गिरणगावात राहणाऱ्या बहुतेक कोकणी कुटुंबांतल्या मुलांनी शिमग्याला किंवा जत्रेला गावी काळ्या कपड्यातला, लोंबत्या जिभेचा संकासूर पाहिलेला असायचा. त्याला बघून किंचाळायचं आणि त्याच्याच मागे धावायचं. भीती आणि थट्टा एकाच सोंगात नांदू शकतात, हे त्यांना टीव्हीच्या आधीच कळलेलं होतं.

म्हणूनच पाचवी धारा मराठीत इतकी सहज रुजली. 1993 साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. मूळ कल्पना अमेरिकन, 'चाइल्ड्स प्ले'ची. पण इथे आल्यावर बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू झाला, त्याच्या समोर गिरगावात वाढलेले लक्ष्मीकांत बेर्डे उभे राहिले आणि अर्धं थिएटर हसत असताना पुढच्या रांगेतली पोरं रडत होती. बाहुला रामदास पाध्यांनी घडवला आणि नाचवला. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी निर्माण केलेला अर्धवटराव मुलांना ठाऊक होता, लाडका होता. बोलका बाहुला म्हणजे हसायचं, असा अनेक वर्षांचा विश्वास त्या एका चित्रपटानं मोडला. माणूस म्हणून तात्या विंचू साकारणारेही पुन्हा प्रभावळकरच, म्हणजे जुनी चिंची चेटकीण. मराठी मुलांच्या दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या दोन मोठ्या भीतींमागे एकच नट असावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे भय आणि विनोद यांच्यात भिंत नव्हती, ये-जा होती. जिन्यावरचं ते सकाळचं हसणं 'झपाटलेला'नं रात्रीच्या खेळातच आणून बसवलं.

टीव्हीचं भय मात्र सिनेमापेक्षा निराळ्या जातीचं निघालं, कारण ते दर आठवड्याला परत येतं. सिनेमातलं भूत तीन तासांत मरतं. मालिकेतलं पुढच्या भागासाठी जिवंत ठेवावं लागतं. 1989 सालच्या 'किले का रहस्य'नं मुलांना आठवडाभर वाट पाहत घाबरण्याची सवय लावली. झी टीव्ही 2 ऑक्टोबर 1992 रोजी सुरू झाला, मुंबई दूरदर्शनच्या बरोबर वीस वर्षांनी, आणि 1993 साली रामसे आपला कारखाना घेऊन छोट्या पडद्यावर आले: 'ज़ी हॉरर शो'. 1995 साली सोनीवर बी. पी. सिंग यांचं 'आहट'. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर त्यांनी पोलिसांच्या तपासावरची मराठी मालिका केली होती, 'एक शून्य शून्य'. शिवाजी साटम त्यात होते, आणि तीच जोडी पुढे 'सीआयडी'त दिसली. 'एक शून्य शून्य'मध्ये भूतबित काही नव्हतं. पण त्यातले गुन्हे मुंबईत घडायचे, पोलीस मराठी बोलायचे, जिने आणि गल्ल्या ओळखीच्या असायच्या. सामरी लांबच्या पडक्या देवळात राहत होता. हा खुनी पुढच्या वाडीत राहत असू शकत होता. या संग्रहात 'आहट'पेक्षा 'एक शून्य शून्य'बद्दल जास्त जणांनी लिहिलं आहे, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

इथून एक नाजूक वळण येतं. या भागातल्या मुलांच्या भीतीचा हिशोब पडद्यावर पुरा होत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी एशियाड क्रीडास्पर्धेच्या निमित्तानं रंगीत प्रक्षेपण आलं. एकीकडे टीव्ही रंगीत होत होता, दुसरीकडे भोंगे थांबत होते. अंधारलेल्या गिरण्यांच्या आवारात भूत आहे, अशा गोष्टी मुलांमध्ये फिरू लागल्या त्या याच काळात. बंद गिरणीचं भूत आणि घरी बसलेल्या बापाचं गप्प राहणं यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न या पुस्तकातल्या एकाहून अधिक लेखांत डोकावतो. 1988 साली दूरदर्शनवर गोविंद निहलानींची फाळणीच्या दंगलींवरची 'तमस' आली. तिच्यावर बंदी आणावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाला मोकळीक दिली. सुरुवातीचा डुक्कर मारण्याचा प्रसंग कित्येक मुलांना मालिकेचा अर्थ कळण्याच्या फार आधी झोंबला. पाच वर्षांनी, 1992-93च्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलीत त्याच मुलांनी गॅलरीतून धूर पाहिला. 12 मार्च 1993 रोजी ज्या ठिकाणी बॉम्ब फुटले त्यांत दादरचं प्लाझा थिएटर होतं. जिथे भ्यायला तिकीट काढून जायचं, तिथेच खरी भीती येऊन गेली. 'झपाटलेला', 'ज़ी हॉरर शो' आणि हे स्फोट एकाच वर्षातले आहेत. त्या वर्षी मुलांना खोटं भूत हवंसं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. खोट्या भुताला निदान शेवट असतो.

घाबरवण्याच्या यादीत सरकारी कामगिरीही विसरता येत नाही. दूरदर्शनचं फिरत जुळणारं बोधचिन्ह आणि त्याची संथ धून रात्रीच्या शांततेत भेसूर वाटायची, असं सांगणारे बरेच भेटतील. अलीकडच्या मुलांना विचाराल तर थिएटरातली सर्वांत भीतीदायक गोष्ट म्हणजे सिनेमाआधी लागणारी तंबाखूविरोधी चित्रफीत. कर्करोगासाठी देशभरातून माणसं जिथे येतात ते टाटा रुग्णालय परळला आहे. तिथल्या फुटपाथवर बसलेले रुग्ण शाळेच्या वाटेवर रोज पाहणाऱ्या मुलाला ती चित्रफीत जाहिरात वाटूच शकत नाही.

सहावी आणि सध्याची धारा कोकणाकडे परतलेली आहे. मधल्या काळात राम गोपाल वर्मांच्या 'भूत'नं 2003 साली भुताला हवेलीतून काढून मुंबईतल्या उंच इमारतीच्या फ्लॅटमध्ये आणि लिफ्टमध्ये आणलं. चाळ सोडून टॉवरमध्ये गेलेल्या घरांना ते वेळेवर पोचलं. पण मराठी भय नंतर पुन्हा गावी गेलं. 2016 साली सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. कोकणची बदनामी होते अशी ओरड झाली, अंधश्रद्धेचा मुद्दा निघाला, आणि लालबाग-परळमधल्या घरांनी मालवणी कानावर पडते म्हणून ती मन लावून पाहिली. 2018 साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आला. त्याच्यामागे धारपांची 'आजी' आहे, धारपांच्या 'आजी'मागे स्टीफन किंगची गोष्ट आहे, आणि नावामागे श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत'. 2024 साली आदित्य सरपोतदारांच्या 'मुंज्या'नं पारावरचं भूत देशभर नेलं आणि तेही हसवत. म्हणजे इतक्या वर्षांनीही आपली रीत सुटलेली नाही.

मग आज हे सगळं गोळा करायची गरज काय? पहिलं कारण जागेचं. ज्या गॅलऱ्यांनी ही भीती पूर्ण केली त्या जात आहेत. दादरचं चित्रा थिएटर 2019 साली बंद झालं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या रहिवाशांना 2025 साली नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात स्वतंत्र संडास आला याचं दुःख करणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल. चाळीच्या गैरसोयींचे गोडवे गाणं हा या पुस्तकाचा हेतू मुळीच नाही. पण त्या वास्तूसोबत बघण्याची एक पद्धत नाहीशी होते आहे आणि तिची नोंद फक्त माणसांच्या आठवणीत आहे. ज्यांनी 1972 नंतरच्या पहिल्या दशकात टीव्ही पाहिला ती मुलं आता पन्नाशी-साठीत आहेत.

दुसरं कारण आजच्या मुलांचं. त्यांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर सामरीपेक्षा भयानक गोष्टी अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत येतात. प्रमाणपत्रांची व्यवस्था बारीक झाली; सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी यूए प्रमाणपत्राचे वेगळे गट 2024 पासून आले. तो नियम थिएटराच्या दारापाशी उपयोगी पडतो, पांघरुणात उजळलेल्या पडद्यापाशी फारसा नाही. आधीच्या पिढ्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतंच. रामसेंचे चित्रपट पाच वर्षांच्या मुलानं बघावेत असं कुणीही म्हणणार नाही. फरक सोबतीचा आहे. तेव्हा शेजारी कुणीतरी होतं, आणि दुसऱ्या दिवशी जिना होता. चक्रातला मधला टप्पा, एकट्यानं भिण्याचा, तेवढा आजही शाबूत आहे. अलीकडचा आणि पलीकडचा गळून पडला आहे. मुलं काय बघतात यावर आपण पुष्कळ बोलतो. बघून झाल्यावर ती कुणाशी बोलतात, हे आपण विचारत नाही.

या संग्रहाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हेही सांगून टाकतो. इथे भयपटांची क्रमवारी नाही, कुठला थोर आणि कुठला टाकाऊ याचा निवाडा नाही. भूत असतं की नसतं या वादातही हा संग्रह पडत नाही. लेखकांमध्ये गिरगावातले आहेत, दादरचे आहेत, गिरणगावातले आहेत. कुणाचं बालपण सत्तरच्या दशकातलं, कुणाचं दोन हजारनंतरचं. त्यांना एकच गोष्ट मागितली होती: सिनेमाची गोष्ट सांगू नका, कुठे बसून पाहिलात, शेजारी कोण होतं आणि त्या रात्री काय केलंत ते सांगा. त्यामुळे एकाच 'हा खेळ सावल्यांचा'बद्दल तीन लेखांत तीन वेगळे चित्रपट भेटतील. तपशील एकमेकांशी जुळणार नाहीत. संपादनात ते जुळवून घेतलेले नाहीत, कारण मुलांची आठवण जिथे चुकते तिथेच तिला काय बोचलं होतं ते कळतं.

उणिवाही आहेत. मुलींच्या आठवणी मुलग्यांच्या मानानं कमी आल्या आहेत आणि ज्या आल्या त्यांतल्या बऱ्याच भुताकडून माणसांकडे लवकर वळतात: अंधाऱ्या जिन्यात मुलगा भुताला भ्यायचा, मुलगी तिथे उभ्या असलेल्या कुणालातरी. हा एक स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. तसंच, याच भागात राहणाऱ्या गुजराती, तेलुगू, मुस्लिम घरांतली मुलं त्याच टीव्हीसमोर बसली होती. त्यांची भीती इथे जेमतेम डोकावते. हे काम पुढे कुणी करावं.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक वाचून झालं की घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारा, तुम्ही लहानपणी कुठल्या पिक्चरला घाबरला होता. पहिल्यांदा ते हसतील. थोडं थांबा, आणि सांगतील ते तारखेसह, जागेसह लिहून घ्या. मग घरातल्या लहानग्यालाही तोच प्रश्न विचारा; मात्र तो सांगत असताना तुम्ही हसू नका.